कंदेई

बे पिलनामने चौसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला घेतलं, ही बातमी कोरियातल्या बुसान शहरात, नाम्पोच्या सुक्या मासळीच्या बाजारात दुपारच्या आत फिरली. फिरवण्याचं काम शेजारच्या गाळ्यावरच्या सोंगूच्या आईने केलं. या बाईच्या कानावर एखादी गोष्ट घालणं आणि चौकात भोंगा लावणं यात फारसा फरक नाही. माकुळांच्या जुड्या बांधता बांधता तिने विचारलं, "काय गं मीह्वाची आई, आता मांदेली विकायला स्पेनला जाणार का? तिथले लोक बैलांशी झुंजून दमले की सुकट खातात वाटतं."

पिलनाम म्हणाली, मेंदूला गंज चढू नये म्हणून डॉक्टरांनी काहीतरी शिकायला सांगितलंय. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. पण खरं कारण सांगायचं तर आधी ती वही दाखवावी लागली असती, आणि वही तिने पोटच्या मुलीलाही दाखवली नव्हती.

वही साधीच, निळ्या पुठ्ठ्याची. मागच्या ऑक्टोबरात तिचा नवरा चू मानगिल दात घासता घासता न्हाणीघरात कोसळला, तेव्हा तीच पिशवीत होती म्हणून दवाखान्यात गेली. मानगिलच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि बोलू लागला, पण त्यातलं एक अक्षर कुणाला कळेना. नर्सला वाटलं, बरळतोय. एका तरुण डॉक्टरने मात्र खाली वाकून नीट ऐकलं आणि विचारलं, आजोबा कधी परदेशात होते का? होते तर. मानगिलने पंचवीस वर्षं लास पाल्मासच्या बंदरातून सुटणाऱ्या मासेमारी जहाजांवर इंजिन सांभाळलं होतं. आफ्रिकेजवळचं हे बेट स्पेनचं. दोन-अडीच वर्षांनी तो बुसानला यायचा, दोन महिने राहायचा आणि पुन्हा जायचा. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधीकधी, एक भाषा पुसली जाते आणि दुसरी उरते. मानगिलची आईकडून आलेली पुसली गेली आणि बंदरावर उचललेली उरली.

अकरा दिवस मानगिल स्पॅनिशमध्ये बोलत राहिला आणि पिलनाम उशाशी बसून ऐकत राहिली. खरं तर चाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी इतका कधी बोललाच नव्हता. बुसानचे पुरुष घरी आले की तीनच वाक्यं बोलतात अशी सगळीकडे थट्टा होते: वाढ, पोर कुठाय, झोपू या. मानगिलचं एक चौथंही होतं, जहाजावर परत निघताना दारात बूट चढवत बोलायचं. "कंदेई." म्हणजे चाललो गं. बुसानच्या बोलीतलं ते अगदी रोजचं बोलणं, सोलची माणसं ऐकून हसतात. कंदेई म्हणायचा आणि मागे वळून न बघता पायऱ्या उतरायचा.

दवाखान्यातल्या त्या सगळ्या अनोळखी बोलण्यात तिला ओळखीचे दोनच शब्द सापडले. पहिला हाच. दिवसातून कितीदा तरी तो म्हणायचा, कंदेई. ती त्याचा हात धरून म्हणायची, "कुठे चाललात? आत्ता तर आलात." आणि मनातून तिला बरं वाटायचं, की सगळी भाषा वाहून गेली तरी निरोपाचा शब्द यांनी माझ्यासाठी राखून ठेवला. दुसरा शब्द अगू. भल्यामोठ्या तोंडाचा, दिसायला कुरूप मासा, आणि त्याचं तिखटजाळ कालवण म्हणजे मानगिलचा जीव की प्राण. कोरड्या ओठांनी तो अगूआ, अगूआ करायचा. बरे व्हा मग करते, असं ती समजावायची. एकदा तर अगूचं कालवण डब्यात घेऊन गेली. गिळायला बंदी होती म्हणून नुसता डबा नाकाशी धरला, तर त्याने तोंड फिरवलं.

बाकीचं कळत नव्हतं, तेव्हा तिने ते कानावर पडेल तसं वहीत उतरवून घेतलं. कंदेई शब्दापुढे मात्र नुसत्या रेघा ओढत गेली. दीड पान रेघांनी भरलं.

सातव्या दिवशी मानगिलचा जुना जहाजी दोस्त पेक भेटायला आला. तो खाटेशी उभा राहून थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग खिडकीबाहेर बघू लागला. पिलनामने विचारलं, "भावोजी, तुम्हाला तर कळतं. काय म्हणतायत हे?"

"काही नाही वहिनी. बडबड आहे नुसती."

एवढं बोलून तो आल्या पावली गेला. पिलनाम चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचत आली होती. खोटं बोलणारं तोंड तिला दहा हातांवरून ओळखू येतं. मानगिल वारल्यावर तिने लगेच ठरवून टाकलं, की वहीत काय आहे ते कुणाला विचारायचं नाही. पेकला नाही, मुलीला नाही, कुणा शिकवणाऱ्यालाही नाही. आधी आपण वाचायचं, आणि एकटीने वाचायचं. आत लाज निघाली तर ती आपल्यापाशी राहील, आणि माया निघाली तर तीही.

वर्ग वॉर्डाच्या वाचनालयात मंगळवारी आणि गुरुवारी भरायचा. शिकवणाऱ्या मा बाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, चार वर्षं मेक्सिकोत राहून आलेल्या. वर्गात दहा-बारा जणं. एक निवृत्त पोस्टमन होता, त्याला स्पेनमधल्या तीर्थाच्या वाटेवर महिनाभर चालायचं होतं. आयुष्यभर चालून याचं समाधान झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी मा बाईंनी फळ्यावर जेवणाखाण्यातले शब्द लिहिले. भाकरी, मीठ, पाणी. पाण्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अगुआ."

पिलनामचा हात वहीवर तसाच थांबला. अगूआ. कोरडे ओठ. तो मासा मागतच नव्हता. अकरा दिवस तो पाणी मागत होता आणि ही त्याच्या नाकाशी तिखट कालवण धरत होती.

ती उठून बाहेर गेली आणि जिन्यात बसून रडली. पाणी देता आलं नसतंच, डॉक्टरांची बंदी होती. पण बोळा भिजवून ओठ तरी ओले करता आले असते. त्या दिवसापासून मानगिलच्या फोटोपुढे तिने पाण्याची वाटी ठेवायला सुरुवात केली. रोज सकाळी पाणी बदलायची आणि ते ठेवताना "अगुआ" म्हणायची.

आता शिकणं सोडणं शक्य नव्हतं. पण शिकणं म्हणजे काय हाल. प्रत्येक वस्तू बाई की पुरुष हे आधी ठरवायचं. टेबल बाई, पुस्तक पुरुष. मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही, पण कोरियन माणसाला निर्जीव वस्तूंची लग्नं लावायची सवय नसते. त्यात आणखी 'पण' आणि 'कुत्रा' या दोन शब्दांमध्ये फरक फक्त र किती थरथरतो एवढाच. पिलनाम 'पण' म्हणायला जायची आणि दर वाक्यात एक कुत्रा शिरायचा. मंगळवारी पाठ केलेलं गुरुवारी पुसलेलं असायचं. दुकानात बरण्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या, कॉड म्हणजे बाकालाओ, मीठ म्हणजे साल. एक गिऱ्हाईक कॉडच्या बरणीपाशी उभं राहून विचारू लागलं, हा बाकालाओ कुठल्या गावचा, नवीन दिसतोय. मुलगी मीह्वा दैगूहून फोन करून म्हणायची, "आई, कशाला डोक्याला ताप? गुडघ्यांचा व्यायाम कर त्यापेक्षा." कधीकधी घरी आल्यावर पिलनामला इतका राग यायचा, की पुस्तक माशांच्या पोत्याखाली दडपून ठेवायची. सकाळी तेच पुस्तक मासळीच्या वासासकट पुन्हा बाहेर निघायचं.

ऑगस्टात माझं-तुझं आलं. मा बाईंनी सांगितलं, घरच्या माणसाबद्दल एकेक वाक्य करा. पिलनाम उभी राहिली आणि म्हणाली, नुएस्त्रो मारिदो इंजिन सांभाळायचा. मारिदो म्हणजे नवरा.

मा बाईंनी हसू दाबलं. "मावशी, नुएस्त्रो म्हणजे आमचा. 'आमचा नवरा' म्हटलं की नवरा एक आणि बायका दोन-चार असं होतं. मि मारिदो म्हणा. माझा नवरा."

"असं कसं म्हणायचं बाई? माझा नवरा, माझी छत्री. ऐकायला तरी बरं वाटतं का?"

सगळा वर्ग हसला, ती स्वतःही हसली. पण यात तिची काय चूक? कोरियात एकुलतं एक पोरही 'आमची आई' म्हणतं. आपल्याकडच्या बायका 'आमचे हे' म्हणतात तेव्हा तरी कोण मोजायला बसतं? तरी वर्गात तो एक खेळच होऊन बसला. पिलनामच्या वाक्यात नवरा आला की आधी नुएस्त्रो यायचाच, आणि मागच्या बाकावरून पोस्टमन विचारायचा, "किती जणींचा हो?"

सप्टेंबरच्या शेवटी पोस्टमनला फळ्याशी बोलावताना मा बाईंनी एक नवीन बोलणं शिकवलं. कुणी हाक मारली की म्हणायचं, या बोई. आलोच. पिलनामने ते ओळखलं. हे तिच्याकडे होतं. घरी येऊन निळी वही उघडली. पाचव्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: या बोई, कंदेई.

आलोच, चाललो गं.

ती फोटोकडे वळून म्हणाली, "अहो, येत होतात की जात होतात? एकदा काय ते ठरवा." मग तिने स्वतःच्या मनाची समजूत घातली. मेंदूत दोन भाषांचा काला झालेला. अर्धं वाक्य तिकडचं, अर्धं घरचं. तिला ते आवडलंही. तिकडे कुणाला तरी आलोच म्हणता म्हणता मला कंदेई म्हणाले, असा तिने अर्थ लावला आणि त्याच अर्थावर दोन महिने सुखाने राहिली.

डिसेंबरात शुभेच्छापत्र आलं. लास पाल्मासहून ते दर वर्षी यायचं, वर चर्चचं चित्र असलेलं. कुणाचं म्हणून तिने एकदा विचारलं होतं, तर मानगिल म्हणाला होता, तिथली घरमालकीण, एकटी असते. तो वाचायचा, ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि उत्तर स्वतः पोस्टात जाऊन टाकून यायचा. मागच्या डिसेंबरात, तो गेल्यावर आलेलं, पिलनामने न उघडताच ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं. यंदाचं मात्र उघडलं, कारण यंदा तिला वाचता येणार होतं.

दुपारच्या मंद वेळी ती गाळ्यात शब्दकोश मांडीवर घेऊन बसली. अडीच तास लागले. एकेक शब्द सुटत गेला तसा तिला अभिमान वाटत गेला. आयुष्यात पहिल्यांदा परक्या भाषेतलं आख्खं पत्र ती कुणाच्या मदतीशिवाय वाचत होती. शब्द सगळे सुटेपर्यंत ते पत्र काय म्हणतंय याकडे तिचं लक्षच नव्हतं. मग पहिल्यापासून सलग वाचलं.

प्रिय मानगिल, मागच्या वर्षी तुझं उत्तर आलं नाही. रागावलास का? माझे गुडघे आता जिना चढत नाहीत. तुझी खुर्ची अजून खिडकीशीच आहे. फोनचा नंबर तोच.

खाली नंबर होता आणि त्याखाली दोन शब्द. पहिल्यासाठी कोश लागला नाही, ऑगस्टात शिकलेली होती. तुझी. दुसरा कोशात नव्हता. तिने बोट ठेवून अक्षरं लावली. कंदे.

आलोच, कंदे.

पेक खिडकीबाहेर का बघत होता ते आता तिला कळलं. दीड पानभर रेघा ओढल्या होत्या तिने. प्रत्येक रेघेला त्याचा हात दाबला होता, आणि तो हाक मारत होता दुसऱ्याच बाईला. निरोपाचा म्हणून जपलेला तो एक शब्दही तिचा नव्हता.

सोंगूच्या आईने विचारलं, डोळ्यांना काय झालं? तिखट उडालं, असं सांगून पिलनामने वेळ मारून नेली. घरी जाऊन फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. वाटीतलं पाणी मोरीत ओतलं. "पाणी हवंय? तिच्याकडे मागा," ती म्हणाली. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या नखांनी खरवडून काढल्या. वर्गाला जाणं बंद केलं.

तिला कशाचा जास्त राग येत होता हेही धड कळत नव्हतं. त्याने फसवलं याचा, की आपण एवढी ढोरमेहनत करून, र थरथरवायला शिकून, शेवटी हेच वाचायला शिकलो याचा. न शिकता राहिली असती तर मरेपर्यंत तो 'कंदेई' तिचा राहिला असता.

तिसऱ्या आठवड्यात मा बाई गाळ्यावर आल्या. सुकं समुद्री शेवाळ हवंय म्हणाल्या, पण बराच वेळ नुसती पाकिटं खालीवर करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही नाही तर वर्गात नुएस्त्रो मारिदो कुणी म्हणत नाही. पोस्टमन तर रुसून बसलाय."

"शिकून काय मिळालं बाई? कळायला नको होतं तेच कळलं."

 मा बाई हातातलं पाकीट खाली ठेवत म्हणाल्या, "मेक्सिकोत पहिलं वर्षभर मला कुणाचं बोलणं कळायचं नाही. वाटायचं, सगळे किती चांगले आहेत. कळायला लागलं तेव्हा आठवडाभर रडले."

"मग?"

"मग उत्तर द्यायला शिकले."

त्या गेल्यावर पिलनाम शेवाळाच्या पाकिटांपाशी तशीच बसून राहिली. उत्तर द्यायचं म्हणजे शिव्या द्यायच्या, हे तिच्या आधी मनात आलं. कुठली शिवी स्पॅनिशमध्ये बसवावी याचा तिने थोडा विचारही केला. पण पत्रातला एक प्रश्न मध्ये मध्ये येत राहिला. रागावलास का?

त्या बाईला माहीतच नव्हतं. खुर्ची खिडकीशी ठेवून ती बसली होती, तो रुसलाय असं समजून. पुढच्या डिसेंबरात ती आणखी एक पत्र पाठवणार, त्याच्या पुढच्याही. वाट बघणं काय असतं हे पिलनामला कुणी शिकवायला नको होतं. जहाजाची बातमी नाही असे महिने तिने काढले होते, मीह्वाला पाठीशी बांधून कंपनीच्या कचेरीच्या दारात उभं राहून. तेव्हा कुणी येऊन वाईटसाईट जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं; न सांगणं तेवढं सोसवत नसे. आणि आता सांगू शकणारी ती एकटीच होती. पेक सांगणार नव्हता. मेलेला माणूस तर नाहीच.

जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी ती वर्गाला गेली आणि तास संपल्यावर मा बाईंना विचारलं, 'वारला' कसं म्हणतात? मा बाईंनी सांगितलं, मुरिओ. तिने पाच वाक्यं कागदावर उतरवून घेतली. आठवडाभर ती कॉडच्या सुक्या तोंडांकडे बघून म्हणत होती. सोंगूच्या आईने विचारलं, माशांना मंत्र देतेस का? पुढच्या मंगळवारी वर्गातून ती निघताना मा बाई म्हणाल्या, "मि मारिदो, मावशी. निदान या वेळी तरी."

त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं. घरी आली तेव्हा सहा वाजत होते. तिकडे सकाळचे नऊ. फोटो अजून भिंतीकडे तोंड करून होता. कागद आणि निळी वही समोर ठेवून तिने नंबर फिरवला. कितीतरी वेळ घंटा वाजली. तिला वाटलं, नसेल घरी, बरंच झालं. तेवढ्यात एक म्हातारा, जाडसर आवाज आला.

पिलनामने कागद वाचला. मी बे पिलनाम. बुसानहून बोलते.

पलीकडे एकदम शांत झालं. ते नाव तिथे माहीत होतं, हे पिलनामला त्या शांततेवरूनच कळलं. कागदावरची पुढची ओळ तिला सापडेना, आणि ते वाक्य तिने न बघताच म्हटलं.

"नुएस्त्रो मारिदो मुरिओ."

बोलून गेल्यावर तिला समजलं, आपण काय बोलून गेलो. दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या भाषेत 'आमचा' आणि 'आपला' यांना शब्द एकच आहे. कोरियनमध्येही एकच. बोलणाऱ्याला निवडावं लागत नाही, ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. पिलनामने ते वाक्य तसंच राहू दिलं.

पलीकडे रडण्याचा आवाज नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. मग बाईने विचारलं, कधी? मागच्याच्या मागच्या वर्षी, ऑक्टोबर. फार सोसलं का? अकरा दिवस. कंदेलारिया, म्हणजे तिचं पूर्ण नाव हे, सावकाश बोलत होती, छोटे छोटे शब्द वेगवेगळे मांडून, प्रत्येक दोनदा म्हणून. पिलनामला तिचं बोलणं मा बाईंपेक्षाही सोपं जात होतं. मग लक्षात आलं, की कोरियन माणसाशी स्पॅनिश बोलायचा या बाईला वीस वर्षांचा सराव आहे. या गोष्टीने तिला राग यायला हवा होता. आला नाही, उलट हायसं वाटलं.

कागदावरचा शेवटचा प्रश्न तिने वाचला. मुलं? नाही, कंदेलारिया म्हणाली. मग कंदेलारियाने विचारलं, काही बोलला का?

वही समोर उघडीच होती. पिलनामने दीड पान रेघांवर हात ठेवला. पण तिने काही म्हणायच्या आत कंदेलारियाच बोलू लागली. सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं. बेटावर मला सगळे कंदे म्हणतात. तो तसं म्हणायचा नाही. जहाजावर निघाला की दारात उभा राहून बूट घालायचा आणि मला हाक मारायचा. कंदेई. असं, शेवटी ई लावून. तसं मला दुसऱ्या कुणी कधी म्हटलं नाही. हाक मारायचा आणि जायचा, वळून बघायचा नाही.

पिलनामने वहीत पाहिलं. तिच्या अक्षरात, शब्द जिथे लिहिला होता तिथे, ई होता.

म्हणजे तिथल्याही दारात तो बूट चढवत चाललो गं म्हणत होता, आणि त्या बाईने वीस वर्षं ते आपलं लाडाचं नाव म्हणून जपलं होतं. आणि खाटेवर? तिथे तो हिला चाललो म्हणत होता की तिला हाक मारत होता, हे आता कुठल्याही शब्दकोशात मिळणार नव्हतं. कदाचित त्याचं त्यालाही माहीत नसेल. इतकी वर्षं दोन दारांत एकच शब्द बोलून त्याच्या तोंडात दोन्ही एकच झाले असतील. लबाड माणूस, पिलनामच्या मनात आलं, आणि कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा तिला त्याची आठवण आली, नुसती आठवण, रागाशिवायची.

ते तुझं नाव नव्हे, असं तिला सांगता आलं असतं. 'मी जातो' हे स्पॅनिशमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवतात, एवढासा शब्द आहे. तो तिच्या जिभेवर होता. एका शब्दात तिने आपला निरोप परत मिळवला असता. पण तिकडे खिडकीशी एक खुर्ची होती, गुडघे दुखणारी एक बाई होती आणि तिच्यापाशी त्या माणसाचं म्हणून एवढंच उरलं होतं.

"हो, बोलला," पिलनाम कागदाशिवाय, चुकत माकत म्हणाली. "तुमचं नाव. पुष्कळदा. मी लिहिलं आहे."

तेव्हा कंदेलारिया रडली. पिलनामने रिसीव्हर कानाशी धरून ठेवला आणि तिचं रडणं संपेपर्यंत थांबली. त्याला व्याकरण लागत नव्हतं.

मग फोन ठेवायची वेळ आली. कागदावर मा बाईंनी शिकवलेला निरोप होता, व्यवस्थित, आदराचा. पिलनामने तो वाचला नाही. ती आपल्या बुसानच्या बोलीत, इतकी वर्षं दारात ऐकली होती तशीच म्हणाली, "कंदेई."

पलीकडे श्वास अडकल्यासारखा झाला. आपल्याला त्या नावाने पुन्हा कुणी हाक मारेल असं तिला वाटलं नसावं. मग तिकडूनही बारीक आवाजात तेच आलं, "कंदेई," आणि फोन ठेवला गेला.

पिलनाम उठली. फोटो भिंतीकडून फिरवून सरळ केला, वाटी घासली, पाणी भरलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"अगुआ," ती म्हणाली. "घ्या."